काटा, पासिंग आणि दहा मणी

आमच्या कॉलेजात चौदा नंबरच्या खोलीवर ‘मेकरस्पेस’ अशी पाटी आहे. पाटी सोडून तिला कोणी मेकरस्पेस म्हणत नाही. मुलं ‘कारखाना’ म्हणतात, ऑफिसातले बाबू ‘सरांची ती खोली’ म्हणतात. पूर्वी तिथे टायपिंगचे वर्ग चालत. आता एक थ्री-डी प्रिंटर आहे, दोन सोल्डरिंग आयर्न, ग्राइंडर, ड्रिल, बाकाला ठोकलेला वाईस, रंधा, पटाशी, कानशी आणि गृहअर्थशास्त्र विभागाने ‘तात्पुरती’ दिलेली शिलाई मशीन. ती परत मागायला अजून कोणी आलेलं नाही.

कॉलेज वर्धा नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. नदीच्या एका अंगाला वर्धा जिल्हा, दुसऱ्या अंगाला यवतमाळ. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा एकाच आवारात, पण एकमेकींशी बोलणं फक्त गॅदरिंगच्या वेळी. पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. घरोघर कापूस, तूर, सोयाबीन. ज्यांना वावर नाही त्यांच्या घरी मजुरी. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.

मेकरस्पेसमुळे वेगवेगळे विषय एकत्र येतात, हे हल्ली प्रत्येक परिसंवादात ऐकायला मिळतं. येतात, पण कुठल्या क्षणी आणि कशामुळे, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे एका हंगामात, दसऱ्यापासून होळीपर्यंत जे घडलं, ते म्हणून जरा तपशिलात लिहितो.

ढिली स्प्रिंग

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, होऊन पहिला वेचा सुरू झाला की आमच्या वर्गांतली हजेरी घसरते. हिवाळी परीक्षा आणि कापूसवेचणी एकाच सुमारास येतात. हे वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांच्या वावरात कापूस नसावा. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ओळीने चार प्रात्यक्षिकं चुकली. पाचव्याला आली तेव्हा बोटांना नखांपाशी बोंडाच्या टोकांचे ओरखडे होते. त्या दिवशी प्रयोग होता स्प्रिंगचा स्थिरांक काढण्याचा. तिने वजनं टांगली, नोंदी घेतल्या, आलेख काढला आणि विचारलं, “सर, स्प्रिंग ताणून ताणून ढिली होते का?”

मी पुस्तकी उत्तर दिलं, स्थितिस्थापकतेची मर्यादा वगैरे.

“मंग काटा बी ढिला होत असंल.”

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या हंगामात आमच्याकडे किलोला दहा रुपये चालू होते. बाया लुगड्याच्या ओटीत कापूस वेचतात, ओटी भरली की धुडक्यात, म्हणजे मोठ्या फडक्यात, रिकामी करतात, आणि दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) टांगून शेतमालक बोजा मोजतो. या मुलीच्या आईचा बोजा आदल्या रविवारी सतरा किलो भरला. आईचा अंदाज एकोणीसचा. आई वीस वर्षं वेचते आहे. तिच्या हाताला वजन कळतं. बायांमध्ये कुजबूज होती की मालक काटा मारतो. तोंडावर कोणी बोललं नाही.

आता गंमत अशी, की स्प्रिंग ढिली झाली तर तेवढ्याच वजनाला ती जास्त ताणली जाते. म्हणजे काटा जास्त दाखवेल. फायदा वेचणारणीचा. हे त्या मुलीलाच, माझ्यासमोर आलेख धरून उभी असताना कळलं. “मंग मायचा बोजा कमी कायचा भरला?” हा प्रश्न तिने जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. पुढचे चार महिने आम्ही त्या एका ओळीमागे होतो.

साडेपाचची एसटी

चार जणांचा गट झाला, तो मी केलेला नाही. ही मुलगी, बी.एस्सी.ला गणित घेतलेला एक मुलगा, बी.ए.ला गृहअर्थशास्त्र घेतलेली तिच्या शेजारच्या घरची मुलगी, आणि बी.कॉम.चा एक बडबड्या पोरगा. चौघं साडेपाचच्या एकाच एसटीने घरी जात. काट्याची गोष्ट गाडीत निघाली आणि दुसऱ्या दिवशी चौघं खोलीच्या दाराशी हजर. आंतरविद्याशाखीय शिक्षणावर मी बरंच वाचलं आहे. आमच्या कॉलेजात ते एसटीच्या शेवटच्या बाकावर सुरू झालं.

ठरलं असं, की स्वतःचा काटा बनवायचा. कोणाला मारता येणार नाही असा.

बनवायला घेण्याआधी मी त्यांना फळ्यावर अटी लिहायला लावल्या. ही सवय मी परदेशातून घेतलेली नाही. फॅब लॅबची, म्हणजे कोणालाही येऊन वस्तू बनवता येईल अशा कार्यशाळांची, गोष्ट सांगताना लोक अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठापासून सुरुवात करतात. तिथले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘जवळपास काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे त्यातून फॅब लॅब निघाल्या, हे खरंच आहे. पण एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला उभी राहिली, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये काढलेल्या विज्ञान आश्रमात. आणि आम्हाला तर पाबळपर्यंतही जायला नको. १९३७ च्या ऑक्टोबरात हाताच्या कामातून शिक्षण द्यावं हा विचार गांधीजींनी मांडला तो वर्ध्याच्या परिषदेत. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत: साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे, बाईला आठ तास फार न दमता चालवता आला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण यंत्र कोणासाठी, कुठे आणि किती रुपयांत, हे आधी ठरवून मग कामाला लागायचं, ही रीत मला आवडते.

आमच्या फळ्यावर आलं: झाडाला टांगता यावा, दवात, उन्हात चालावा, आकडा बाईला आणि मालकाला एकाच वेळी दिसावा, न वाचता येणाऱ्या बाईलाही वजन कळावं, हजार रुपयांच्या आत. ‘दोघांना एकाच वेळी दिसावा’ ही अट गृहअर्थशास्त्रवाल्या मुलीची. आम्हा विज्ञानवाल्यांच्या डोक्यात ती आली नसती.

दोन मिलिव्होल्ट

शंभर किलोचा एस आकाराचा लोडसेल, त्याचा बारीक विद्युतदाब वाढवून आकड्यात देणारी एचएक्स७११ चिप, एक आर्दुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि लहानसा डिस्प्ले. लोडसेल म्हणजे धातूच्या तुकड्यावर चिकटवलेल्या बारीक तारा. भार आला की धातू डोळ्याला दिसणार नाही इतका ताणला जातो, तारांचा रोध बदलतो, आणि व्हीटस्टनच्या सेतूत तो बदल विद्युतदाबाच्या रूपाने मिळतो. तोच सेतू, जो बी.एस्सी.ची पोरं दर वर्षी पाठ करून विसरतात. आमच्या सेलला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण शंभर किलोला दहा मिलिव्होल्ट मिळायचे. वीस किलोच्या बोज्याला दोन. एवढ्याशा दाबावर एका बाईची दिवसाची मजुरी ठरणार, हे लक्षात आल्यावर गणितवाल्याने ब्रेडबोर्डातल्या सगळ्या सैल तारा उपटल्या आणि डाख देऊन पक्क्या केल्या. डाख द्यायला तो शाळेत शिकला होता. त्याच्या शाळेला सरकारी योजनेतून ‘अटल टिंकरिंग लॅब’, म्हणजे अशीच एक वस्तू बनवण्याची खोली, मिळाली होती.

खोलीत काटा उत्तम चालला. वावरात नेला तर नाचायला लागला. सकाळी दवात शून्यावर लावलेला काटा दुपारी रिकामा असतानाच तीनशे ग्रॅम दाखवायचा. आमच्याकडे हिवाळ्यात पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत फरक मोठा असतो; सेल तापला की शून्य सरकतं. उपाय सोपा निघाला, प्रत्येक वजनाआधी बटण दाबून शून्य करायचं. पण त्या उपायापर्यंत पोचायला दोन रविवार गेले. त्या दोन रविवारांत मुलीने तपमान आणि शून्य यांचा जो आलेख काढला, तसा नीटस आलेख तिने परीक्षेसाठी कधी काढला नव्हता.

(डबा प्रिंटरवर काढला होता, काळ्या रंगाच्या पीएलएचा. त्याचा जादा डबा मी एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडच्या खिडकीत विसरलो. साठेक अंशांना हे प्लास्टिक मऊ पडतं. संध्याकाळी डब्याचा पापड झाला होता. विदर्भात उन्हात राहणारी वस्तू करायची असेल तर पीएलएच्या वाटेला जाऊ नये.)

काटा तयार झाला, गट खूश, प्राचार्यांनी सोबत उभं राहून फोटो काढून घेतला. तेव्हा बी.कॉम.वाल्याने विचारलं, “सर, याचं पासिंग कोण करून देईन?”

त्याच्या मामाचं किराणा दुकान आहे. दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी दर वर्षी एक नवा कागद लागतो, काट्याच्या पडताळणीचा दाखला. पोरगा लहानपणापासून तो पाहत आला होता. वजनमापवाले येतात, काटा तपासतात, शिक्का मारतात, फी घेतात. बाजारात याला पासिंग म्हणतात. त्याने वैधमापन कायदा, २००९ काढून वाचला. वजनकाटे बनवायला, दुरुस्त करायला, विकायलाही परवाना लागतो. शिक्का नसलेला काटा व्यवहारात वापरता येत नाही आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. आम्ही म्हणालो, अरे, आपण कुठे दुकान टाकतो आहोत, ही तर मजुरी आहे. त्यावर त्याने व्याख्येवर बोट ठेवलं. कायद्याने ‘व्यवहार’ या शब्दात केलेल्या कामाचं मोजमाप आणि देय मजुरी स्पष्टपणे धरलेली आहे.

खोलीत शांतता पसरली. आमचा काटा वावरात बेकायदा. आणि त्याच व्याख्येने धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला मालकाचा काटाही कायद्याच्या कक्षेत येत होता, हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. मालकांना तर नव्हतंच.

या प्रकरणातली कळीची जागा मला विचाराल तर ही. लोडसेल, आर्दुइनो, फोटो हे सगळं होईपर्यंत बी.कॉम.चा पोरगा बाजूला बसून मोबाइल बघत होता. फार तर चहा आणायचा. मी त्याला ‘सहभागी करून घेण्यासाठी’ खर्चाचा तक्ता करायला दिला होता. आता त्या तक्त्याची मला लाज वाटते. त्याचा विषय कामाला आला तो मी वाटून दिल्यामुळे नाही. वस्तू अशा भिंतीवर जाऊन आदळली, की ती भिंत फक्त त्यालाच ओळखू आली. टाइमटेबलमध्ये चार विषयांना एक तास देऊन हे होत नाही. वस्तू खोलीबाहेर गेली पाहिजे आणि अडली पाहिजे. आमचा काटा खोलीतच राहिला असता तर विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत तिसरा येऊन कपाटात गेला असता.

शिंकं

मग ठरलं, काटा बनवायचा नाही, आहेत ते काटे तपासायचे. त्यासाठी खात्रीचं वजन हवं. मुलांनी रंगाच्या डब्यात सिमेंट-काँक्रीट ओतून, वर सळईचा आकडा बसवून दहा किलोचा गोळा केला. कॉलेजच्या तराजूवर बरोबर दहा. गणितवाला रोज त्याचं वजन करी. ओल सुटत गेली तसा गोळा रोज थोडा हलका. तीन आठवड्यांनी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त गेले. मग लोखंडाचं करू, आत भोक ठेवून शिशाने वजन जुळवू, असं आमचे परिचर काका म्हणाले. काकांचं घराणं सुतार-लोहारकीचं. खोलीतला खरा शिक्षक तेच. पण बी.कॉम.वाल्याने पुन्हा मान हलवली. वजन बनवायलाही परवाना लागतो.

शेवटी बाजारातून शिक्क्याची लोखंडी वजनं विकत आणली, एक दहाचं, एक पाचचं. कारखान्यात काय बनलं? ती वजनं ताणकाट्याला टांगण्यासाठी नायलॉन दोरीचं एक शिंकं. गृहअर्थशास्त्रवाल्या मुलीने गाठी मारून विणलं. त्याचं वजन करून तो आकडा लाल धाग्याने त्यावरच भरला. इतक्या यंत्रांच्या खोलीतून निघालेली वस्तू म्हणजे आजीच्या स्वयंपाकघरातलं शिंकं, यावर स्टाफरूममध्ये जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही.

पहिल्याच वावरात गाडं अडलं. टोळीची मुकादम, पन्नाशीची बाई, आम्हाला बांधावरच अडवून म्हणाली, “तुम्ही पोट्टे मोजून जासान घरी. उद्या आमाले कामावर कोन बोलावन? तुमचा सर?” मी तिथेच उभा होतो. मालकाचंही तोंड वाकडं झालं. काटा तपासायचा म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच होतं. आम्ही परत आलो.

वाट सापडली ती गणितवाल्याच्या घरच्या गोष्टीतून. त्याचे वडील स्वतः कास्तकार, चार एकरवाले. तो म्हणाला, “माझा बाप बी हेच म्हनते, सर. घरी मोजून नेलेला कापूस जिनिंगवर कमी भरते.” म्हणजे बाईला मालकावर जो संशय, तोच मालकाला खरेदीदारावर. मालकाला स्वतःचा काटा बरोबर असण्यात स्वार्थ आहे, कारण घरचं वजनच खोटं असेल तर तो पुढे भांडणार कशाच्या जोरावर?

आठवडी बाजारात टेबल टाकलं. पाटी लिहिली: ‘आपला काटा फुकट तपासून पाहा. हे सरकारी पासिंग नाही.’ दुसरं वाक्य बी.कॉम.वाल्याच्या आग्रहावरून, पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. मग एक म्हातारे बाबा पिशवीतून गंजका ताणकाटा काढत आले आणि त्यांच्यामागे लोक. रिकामा काटा, पाच किलो, दहा, पंधरा. चार आकडे चिठ्ठीवर लिहून द्यायचे. शिक्का कुठे मिळतो तेही सांगायचं. काही काटे कमी दाखवत, काही जास्त, बरेचसे शंभर-दोनशे ग्रॅमच्या आत बरोबर. जे कमी दाखवत त्यांच्यात एकतर काटा शून्याच्या खाली बसलेला, नाहीतर आत गंज आणि कापसाची बोंदरं अडकलेली. काका तिथेच घासून, तेलाचा थेंब टाकून देऊ लागले. त्यांना हाताला धरून थांबवावं लागलं. दुरुस्तीलाही परवाना.

दुसऱ्या बाजाराला त्या मुलीच्या आईचा मालकही काटा घेऊन आला. काटा बरोबर होता. पाचला पाच, दहाला दहा.

मुलगी गप्प झाली. मला वाटलं, प्रकरण इथे संपलं.

सतरा आणि एकोणीस

पुढच्या रविवारी ती आईबरोबर वेचायला गेली आणि वजनाच्या वेळी मुद्दाम काट्यापाशी उभी राहिली. सोमवारी तिने फळ्यावर मांडलं. आईचा बोजा टांगला, काटा अठराच्या पुढे, एकोणीसच्या जरा अलीकडे. तिच्या नजरेने अठरा किलो आठशे. मालक म्हणाला, “एक किलो धुडक्याचा गेला.” राहिले सतरा किलो आठशे. वहीत लिहिलं सतरा.

काट्यात खोट नव्हती. आईचा अंदाज याही वेळी एकोणीसचाच होता, तो दोनशे ग्रॅमने चुकला, एवढंच. धुडकं तिने घरून आणलं होतं. आमच्या तराजूवर ते भरलं चारशे वीस ग्रॅम. म्हणजे एका बोज्यात पाचशे ऐंशी ग्रॅम धुडक्याच्या नावावर गेले, आठशे ‘वरचे’ म्हणून सुटले.

गणितवाल्याने पुढचा हिशोब केला. वरचे ग्रॅम नेहमीच सोडून दिले तर प्रत्येक वजनाला सरासरी अर्धा किलो जातो. दिवसातून दोन वजनं, म्हणजे एक किलो, म्हणजे दहा रुपये. पंधरा बायांच्या टोळीत रोजचे दीडशे. त्याने हे लिहिलं आणि त्याखाली, मी न सांगता, एक ओळ टाकली: ‘माझ्या घरीही असंच मोजतात.’ ती ओळ त्याने अहवालात ठेवली. मी त्याला विचारलं होतं, नक्की ठेवायची का?

मालक वाईट आहे असं यातून निघत नाही. पूर्ण आकडा लिहायला सोपा, तोंडी हिशोबाला सोपा, बापापासून तसंच चालत आलेलं. म्हणून दुरुस्तीही यंत्राने होणारी नव्हती. बी.कॉम.वाल्याने वहीत एक रकाना वाढवला, ‘मागचे ग्रॅम’. आज आठशे सुटले तर उद्याच्या वजनात मिळवायचे. हजार झाले की एक किलो. रकाना चोख होता. पण वही मालकाकडे. मुकादम बाई म्हणाली, “वही तुमची, लिखान तुमचं, आमी काय पाहाव त्यातलं?”

दहा मण्यांची कल्पना गृहअर्थशास्त्रवाल्या मुलीची. तिची आई दुधाचा हिशोब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवते. दोरीत दहा मणी, एक मणी म्हणजे शंभर ग्रॅम. वरचे आठशे सुटले की आठ मणी खाली ओढायचे. दहाही खाली आले की किलो पुरा. मालकाने एक किलो वहीत चढवायचा, बाईने मणी वर सरकवायचे. पहिल्या दोऱ्यांवर मणी आपसूक घसरत. मग दोरी प्रत्येक मण्यातून दोनदा ओवली. घर्षण एवढं वाढलं की ओढल्याशिवाय मणी हलेना. मणी काकांनी बांबूच्या बारीक कांडीचे कापले, मुलींनी कानशीने घासले. दोरीला अडकवण, म्हणजे कमरेच्या चंचीला बांधता येते. काटा, कायदा, काँक्रीट एवढं सगळं झाल्यावर फळ्यावरच्या अटींपैकी ‘न वाचता येणाऱ्या बाईलाही कळावं’ आणि ‘दोघांना दिसावं’ या दोन अटी या दोरीने पुऱ्या केल्या. हजार रुपयांची तर आठवणही कोणाला राहिली नव्हती.

तीन शेतमालकांना विचारलं. एक नाही म्हणाला: “ग्रॅमाचा हिशोब कोन ठेवते, बाप्पा!” गणितवाल्याच्या वडिलांनी, बराच वेळ पोराकडे बघून, हो म्हटलं. आईचा मालक हो म्हणाला ते वेगळ्याच कारणाने: संध्याकाळी वजनाच्या वेळी होणारी कटकट त्याला नको होती. धुडक्याचा किलो मात्र त्याने सोडला नाही. ते भांडण अजून तसंच आहे.

गुण कोणाचे

नव्या पदवी आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आहे, त्याला दोन श्रेयांक (क्रेडिट). प्रात्यक्षिकाच्या हिशोबाने साठ तास. पोरांनी साठ तास केव्हाच ओलांडले. अडचण फॉर्मची होती: ‘विषय’ या रकान्यात एकच विषय, ‘मार्गदर्शक’ या रकान्यात एकच नाव. बी.ए.च्या मुलीला भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाचे गुण कसे द्यायचे यावर दोन बैठका झाल्या. तोडगा असा, की चौघांनी चार विभागांत चार अहवाल दिले. एकीचा तपमान आणि लोडसेलचं शून्य, एकाचा अपूर्णांक सोडण्याचं गणित, एकाचा वैधमापन कायदा आणि शेतमजुरी, एकीचा निरक्षर वापरणाऱ्यांसाठी मोजणीचं साधन. वस्तू एकच, मथळे चार. वास्तविक पाचवा अहवाल काकांचा हवा होता. त्यांना श्रेयांक देण्याची सोय कुठल्याच आराखड्यात नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोरी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, “यात इलेक्ट्रॉनिक्स कुठे आहे?” मुलीने आधीचा काटा टेबलावर ठेवला. त्यांना बरं वाटलं. गुण काट्याला मिळाले.

मी स्वतः गुण दिले ते चुकांच्या वहीला. प्रत्येकाने काय फसलं, केव्हा कळलं आणि कोणामुळे कळलं, हे तारखेसह लिहायचं होतं. ‘कोणामुळे’ या रकान्यात दुसऱ्या शाखेच्या माणसाचं नाव किती वेळा आलं, हे मी मोजलं. आंतरविद्याशाखीय म्हणजे काय ते तपासायचं दुसरं साधन मला सुचलेलं नाही. पुढच्या वेळी बायांना आणि मुकादम बाईंना पहिल्याच आठवड्यात खोलीवर बोलवेन. काटा बनवायच्या आधी त्यांनी वजनाच्या वेळचा सगळा प्रकार करून दाखवला असता, तर धुडक्याचा किलो आम्हाला ऑक्टोबरातच दिसला असता. आम्ही इतके दिवस स्प्रिंगकडे बघत राहिलो, कारण प्रश्न भौतिकशास्त्राच्या वर्गात विचारला गेला होता.

होळीच्या आधी, फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचणीनंतर ठेवलेल्या कपाशीचा, शेवटचा कापूस निघत असताना, चौघं दोऱ्या परत घ्यायला गेले; पुढच्या हंगामासाठी त्यांना मेण लावायचं होतं. मुकादम बाईंनी आपली दोरी दिली. मुलीने सहज मणी मोजले. नऊ.

एक मणी चिरून पडला होता. कधी, विचारल्यावर बाई म्हणाली, संक्रांतीच्या मागंपुढं. म्हणजे महिनाभर तिचा किलो नऊशे ग्रॅमलाच भरत होता. मालकाने मणी कधी मोजले नव्हते. आम्हीही नाही.

“आमाले सांगतलं नाही मावशी, मणी गेला म्हणून?” बी.कॉम.वाल्याने विचारलं.

“तुमी इचारलं कुठं?” बाई म्हणाली, आणि दुसऱ्या बायांकडे वळून हसली.

मुलीने बाकीच्या चौदा दोऱ्या तिथेच धुऱ्यावर बसून मोजल्या. दोन दोऱ्यांत अकरा मणी निघाले. त्या दोन बायांना आपलं किती गेलं याचा हिशोब गणितवाल्याने एसटीत बसून केला आणि ते पैसे कोणी द्यायचे, यावर चौघांचं अजून एकमत झालेलं नाही.